विहिरीवर 'पाणी बाटवू नका' लिहावं का?

गोदाकाठचा: आमच्या गावात (परभणी जिल्हा) सार्वजनिक विहिरीच्या कठड्यावर कुणीतरी गेरूनं लिहिलं, 'पाणी बाटवू नका'. पोरं कठड्यावर बसून गुटखा थुंकतात, त्यावरून. दुसऱ्या दिवशी मधल्या शब्दावर कुणीतरी चुना फासला. आता नुसतं 'पाणी... नका' उरलंय अन् गावात दोन तट पडलेत. माझ्या मते पुसलं ते बरं केलं. गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो, जंतूंसाठी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो. बाटलेल्या पाण्यात काय टाकणार?

तुरीचं वरण: उगं शब्दाच्या मागं लागायलेत. मांजरानं दुधात तोंड घातलं तरी आमची आजी 'बाटवलं मेल्यानं' म्हणायची. मांजराची जात कोण विचारतं?

गोदाकाठचा: ते दूध आजी फेकून द्यायची का?

तुरीचं वरण: नाही. उकळून चहाला वापरायची 😄

गोदाकाठचा: मग बाटलं कुठं? उष्टं झालं.

चावडीमागची: हसण्यावारी नेऊ नका. माझ्या आईला गावच्या विहिरीत दोर सोडता येत नव्हता. घागर खाली ठेवून थांबायचं, कुणाला दया आली तर लांबून ओतणार. ती घागर राखेनं घासून लख्ख केलेली असायची. तरी 'बाटेल, लांब हो' रोजचं. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब आणि सोबतचे लोक प्यायले, तर नंतर तळं 'शुद्ध' करायला त्यात शेण-गोमूत्र ओतलं. गुरं आधीपासून तिथं पाणी पीत होती, त्यांनी नव्हतं बाटलं.

निवृत्त मास्तर: ताईंचं खरं आहे. बाटवण्यात मैल नसतो, माणूस असतो. वसईकडं विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या गोष्टी सांगतात. त्या पाण्यानं कुणाचं पोट दुखल्याचं गोष्टीत येत नाही, जातीतून मात्र बाहेर काढलं. 'बाटगा' तर शिवीच. तरीही हे शब्द भाषेतूनच पुसायला माझा विरोध आहे. चोखोबांच्या बायको संत सोयराबाई, त्यांनी अभंगात 'विटाळ' हाच शब्द हातात घेऊन विचारलं की तो देहातच जन्मतो, तर सोवळा झाला कोण? शब्द गेला तर तो प्रश्न पोरांना कळणार कसा?

चावडीमागची: अभंगात राहू द्या की सर, शाळेत शिकवा. माझ्या पाणी भरायच्या जागेवर नको.

तुरीचं वरण: बरं, मग लिहायचं काय? 'दूषित' सरकारी वाटतं, आमच्या म्हातारीला ते औषधाचं नाव वाटेल.

चावडीमागची: 'नासवू' लिहा. दूध नासतं, आंबा नासतो, कुणी शिवल्यानं नाही.

तुरीचं वरण: पाटीला पटलं. घरात मात्र आजीचाच शब्द चालणार.

चावडीमागची: चालवा. पण दारात पाणी मागायला कुणी आलं की तोच शब्द तोंडात येतो का, तेवढं बघा.

निवृत्त मास्तर: 'पाणी घाण करू नका' लिहिलं तर कुणाची हरकत?

गोदाकाठचा: मधल्या जागेत एवढं मावत नाही सर. 'नासवू' बरोबर बसतं, बोटानं मोजून आलो. गेरू आहे घरात. आत्ताही तीन पोरं तिथंच बसून थुंकायलेत, तेवढी उठली की लिहितो.