मदत हवी आहे: आईच्या गुडघ्यात ‘स्टेम सेल’ इंजेक्शन घ्यावं का? (चोपडा, जि. जळगाव)

चोपड्याची_लेक:

नमस्कार मंडळी. प्रश्न आईचा आहे आणि थोडा घाईचा आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आई चोपडा तालुक्यात आमच्या गावी भावाजवळ राहते. वय ६६, वजन ७४ किलो, शुगरची गोळी चालू. सगळं आयुष्य केळीच्या बागेत गेलं. उकिडवं बसून केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं (कोंब) काढायची, नंतर घरी येऊन पुन्हा चुलीपुढे बसायचं. आता दोन्ही गुडघे धरतात. जळगावच्या अस्थिरोग डॉक्टरांनी उभं करून एक्स-रे काढला. झीज उजव्या गुडघ्यात ग्रेड ३, डाव्यात ग्रेड २. त्यांनी व्यायाम आणि वजन यांवर भर दिला, दुखलं तरच गोळी घ्या म्हणाले. वाटी बदलायचा, म्हणजे कृत्रिम सांधा बसवायचा विषय आत्ताच काढू नका, असंही सांगितलं.

मध्यंतरी जवळच्या एका मंगल कार्यालयात ‘रीजनरेटिव्ह मेडिसिन’चं शिबिर झालं. पोटाची चरबी काढायची, त्यातले स्टेम सेल (ज्यांपासून दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी) वेगळे करून त्याच दिवशी गुडघ्यात सोडायचे, मग सांध्यातली गादी नव्याने तयार होते, असं त्यांनी सांगितलं. दोन्ही गुडघ्यांचे दीड लाख, त्यातले निम्मे आगाऊ. हीच पेशी डोळ्यांना, सांध्यांना, थकव्याला, सगळ्याला चालते म्हणे.

केळीचे पैसे नुकतेच हाती आलेत आणि भाऊ द्यायला तयार आहे. त्याला दोष देत नाही, रोज आईचं उठणं-बसणं तोच बघतो. आईचं एकच म्हणणं: “माले कानबाईम्होरे खाले बसनं शे.” (मला कानबाईपुढे खाली बसायचंय.) श्रावणातल्या या देवीच्या सणाचे रोट तिच्याच हातचे असतात, आणि गेल्या श्रावणात तिला खुर्चीवर बसून सगळं बघावं लागलं.

मला वैद्यकातलं कळत नाही, पण जमेल तेवढं वाचलं. वय वाढतं तशी पेशींची दुरुस्तीची ताकद कमी होते, हे समजलं. इंजेक्शनने ती ताकद परत येते का, हे मात्र समजलं नाही. पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून करतात ते इंजेक्शन) आणि स्टेम सेल यांत फरक काय? भारतात यातलं मान्यताप्राप्त काही आहे का? शिबिरवाल्यांना नेमकं काय विचारू? माहीतगारांनी कृपया सांगावं.

धुळ्याचा_हाडडॉक्टर:

ताई, आगाऊ पैसे देऊ नका. आधी हे वाचा.

ज्याला आपण गादी म्हणतो, त्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. कातडी कापली तर रक्त येतं आणि त्याच्याबरोबर दुरुस्तीचा सगळा लवाजमा येतो. गादीला तो मिळत नाही. तिच्यात पेशी मोजक्याच असतात आणि मोठ्या माणसात त्या जवळजवळ विभागत नाहीत. वयानुसार काही पेशी काम थांबवतात, पण मरत नाहीत. उलट आजूबाजूला सूज वाढवणारी रसायनं सोडत राहतात. म्हणून गुडघ्याची झीज निव्वळ घासण्यामुळे होत नाही, आत बारीक दाहही चालू असतो.

पीआरपीमध्ये तुमचंच रक्त काढून यंत्रात फिरवतात आणि प्लेटलेट जास्त असलेला भाग गुडघ्यात देतात. प्लेटलेटमधून वाढीला चालना देणारी प्रथिनं सुटतात, हा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे. पण २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातली एक नीट केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. पन्नाशीपुढचे २८८ रुग्ण, निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना साधं सलाईन. वर्षानंतर दुखण्यात लक्षणीय फरक नाही, गादीच्या झिजेतही नाही.

आता तुमच्या शिबिराचा मुद्दा. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले, सुमारे ४७५ रुग्णांचे. अस्थिमज्जेच्या पेशी, पोटाच्या चरबीतल्या पेशी आणि नाळेच्या पेशी, तिन्हींची तुलना साध्या स्टेरॉइड इंजेक्शनशी केली होती. वर्षभरानंतर तिन्हींपैकी एकही स्टेरॉइडपेक्षा सरस ठरली नाही. चरबीतल्या पेशी म्हणजे तुम्हाला दीड लाखात देऊ केलेला प्रकार.

डोळ्यांबद्दल तर मी हात जोडून सांगतो. अमेरिकेत फ्लोरिडात अशाच चरबीतल्या पेशी तीन वयस्कर बायकांच्या डोळ्यांत दिल्या आणि तिघींची दृष्टी गेली. २०१७ मध्ये ते वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. एकच कुपी सगळ्या आजारांवर चालते असं कुणी सांगितलं, की तिथून उठायचं.

शिरपूरचा_जावई:

माझ्या सासऱ्यांना पीआरपी दिली होती, वय ५८, ग्रेड २. काही महिने बरं वाटलं, मग पुन्हा पहिल्यासारखं. त्याच काळात त्यांनी वजनही उतरवलं होतं, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं ते सांगता येत नाही. डॉक्टर साहेब, भारतात परवानगी असलेलं स्टेम सेल औषध आहे असं ऐकलं होतं, ते खरं का?

धुळ्याचा_हाडडॉक्टर:

हो जिभाऊ, आहे, आणि त्याचाच आधार घेऊन बाकीचे दुकान मांडतात, म्हणून नीट सांगतो. बंगळुरूमध्ये दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून केलेल्या औषधाला औषध महानियंत्रकांनी २०२२ मध्ये गुडघ्याच्या ग्रेड २ आणि ३ च्या झिजेसाठी मान्यता दिली. १४६ रुग्णांच्या चाचणीत वेदना आणि हालचाल यांत सुधारणा दिसली. पण ती चाचणी लहान आहे, आणि झिजलेली गादी पुन्हा तरुण झाली असा अर्थ तिच्यातून काढू नये. या पेशी स्वतः गादी बनण्यापेक्षा दाह कमी करणारे संकेत सोडतात, असं आता बहुतेक संशोधक मानतात.

दुसरा मान्य प्रकार म्हणजे रुग्णाच्याच गादीतल्या पेशी काढून, वाढवून, पुन्हा बसवणं. १९९४ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी तो जगासमोर आणला. पण तो मार लागून गादीचा एखादा तुकडा गेलेल्या तरुणांसाठी आहे. आईंसारख्या पसरलेल्या झिजेसाठी नाही.

यापलीकडे आयसीएमआरची (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या आजारांतलं मान्य प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच वापरायच्या. म्हणून शिबिरवाल्यांना आधी हे विचारा: हे मान्यताप्राप्त औषध आहे की चाचणी? औषध असेल तर नाव आणि परवाना लेखी द्या. चाचणी असेल तर सीटीआरआयचा (भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक द्या. ही सरकारी नोंदणी कुणालाही इंटरनेटवर फुकट बघता येते. आणि खऱ्या चाचणीत रुग्णाकडून प्रयोगाच्या औषधाचे पैसे घेत नाहीत.

भुसावळ_फिजिओ:

ताई, मी भुसावळला फिजिओथेरपी करते. कापूस वेचणाऱ्या, केळीत राबणाऱ्या बायकांचे गुडघे रोज बघते, म्हणून कळकळीने लिहिते.

गादी स्वतःला फारशी दुरुस्त करत नाही, पण तिचा भार सांभाळणारा मांडीचा स्नायू स्वतःला दुरुस्त करतो. स्नायूत राखीव पेशी असतात. ताण पडला की त्या जाग्या होतात, म्हातारपणीही. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या वृद्धाश्रमात सरासरी ८७ वर्षांच्या लोकांकडून १० आठवडे वजनाचे व्यायाम करून घेतले, तर त्यांच्या पायांची ताकद दुपटीच्या वर गेली. पेशींची दुरुस्ती हवी असेल तर या वयात पहिला खात्रीचा रस्ता हाच आहे, आणि तो घरच्या खाटेवर होतो.

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजून सोडायचा. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं-बसायचं, सुरुवातीला खुर्ची उंच घ्यायची. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. दुखणं थोडं वाढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरलं तर चालेल. सूज आली तर कमी करायचं. हे तीन महिने नेमाने झालं पाहिजे. बहुतेक घरांत पंधरा दिवसांत बंद पडतं, तिथेच सगळं बिनसतं.

वजनाचं गणित आईंना नक्की सांगा: १ किलो उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने हलका होतो. भाकरी कळण्याचीच राहू द्या, पण शेवभाजीवरची तर्री कमी करा, त्याने शुगरलाही मदत होईल. संडासात कमोडची खुर्ची बसवा. बागेत उकिडवं बसणं बंद, बसायला उंच पाट घ्या. आणि उन्हाळ्यात आपल्याकडे ४५ अंश जातं, तेव्हा चालणं सकाळी सातच्या आत उरकायचं.

चोपड्याची_लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला फोनवर सगळं वाचून दाखवलं. त्याने शिबिरवाल्यांना परवाना आणि नोंदणी क्रमांक विचारला. “आधी पैसे भरा, कागद नंतर मिळतील,” असं उत्तर आलं. त्याने तिथेच नाही म्हटलं. कमोडची खुर्ची आजच आणतोय.

आणखी दोन गोष्टी विचारते. ते बंगळुरूचं औषध आईसाठी विचारात घ्यावं का? आणि पुढे वाटी बदलायची वेळ आलीच, तर शुगरमुळे अडेल का?

धुळ्याचा_हाडडॉक्टर:

ग्रेडच्या हिशोबाने आई त्या औषधात बसतात, पण आधी भुसावळच्या ताईंनी सांगितलेले तीन महिने पूर्ण करा, आणि मग जळगावच्या त्याच डॉक्टरांना विचारा. त्यांनी गुडघा हाताने तपासलाय, मी नाही. शुगरमुळे शस्त्रक्रिया कायमची अडत नाही, मात्र जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) आत्ताच तपासून घ्या आणि ताब्यात आणा. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या (बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या) किमतींवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, तेव्हा त्या वेळी बिलात इम्प्लांटचा आकडा वेगळा मागा. सरकारी योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) रेशनकार्ड आणि आधार घेऊन विचारा. आणि उजवा गुडघा अचानक लाल, गरम झाला किंवा ताप आला, तर या धाग्यावर लिहीत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.