मदत हवी: बेसवर एलईडी पट्टी पेटत नाहीये

ठोका_हवा: तीन रात्री यातच गेल्या. १२ व्होल्टची एलईडी पट्टी, टीआयपी३१ ट्रान्झिस्टरवर. आधी गाण्यातल्या प्रत्येक आवाजाला लुकलुकायची, मला फक्त बेसला हवीये म्हणून फिल्टर टाकला तर आता पेटतच नाही, बेसला काही पोचतंय की नाही तेही कळेना. प्लीज लवकर सांगा.

जुना_सोल्डर: बेसला म्हणजे ट्रान्झिस्टरच्या की गाण्यातल्या? फिल्टरची व्हॅल्यू काय? सिग्नल कुठून घेतलाय?

ठोका_हवा: ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे त्याच्या कंट्रोलच्या पायाला. मोबाईलच्या हेडफोन जॅकमधून. फिल्टर नेहमीचाच, रेझिस्टर कपॅसिटर.

कोडकरी: ते सगळं काढ आणि आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) घे. एफएफटी लायब्ररी (आवाजातल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणारा तयार कोड) टाकली की हवी ती फ्रिक्वेन्सी निवडता येते, मी तेच केलंय, सोल्डरिंगची गरजच नाही.

जुना_सोल्डर: आर्डुइनोला ऑडिओ थेट देता येत नाही हो, लाटेचा खालचा अर्धा भाग मायनसमध्ये जातो, बायस (लाट वर उचलणारा स्थिर व्होल्टेज) द्यावाच लागतो. दोन पार्टच्या कामाला प्रोग्राम कशाला?

कोडकरी: दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर, एवढाच तर बायस. उद्या बेस सोडून दुसरा बँड हवा झाला की तुम्ही परत पार्ट बदलत बसणार.

पट्टीवाला: पट्टी कापताना खुणेवरच कापा. १२ व्होल्टच्या पट्टीत बहुतेक तीन-तीन एलईडींचा गट असतो, मध्येच कापली तर तो गट गेला.

ठोका_हवा: कापायची नाहीये!! रेझिस्टर १०के, कपॅसिटर १० मायक्रोफॅरॅड. बेस दणदणीत मिळावा म्हणून मोठा घेतला.

जुना_सोल्डर: इथेच घोळ आहे. १ भागिले २ पाय आर सी करा, कटऑफ (ज्याच्या वरचा आवाज फिल्टर कापतो) १.६ हर्ट्झ येतो, म्हणजे गाण्यातला बेससुद्धा ग्राउंडला जातोय. ०.१ मायक्रोफॅरॅड लावा, तो छोटा चपटा सिरॅमिक, ज्यावर १०४ छापलेलं असतं. १५९ हर्ट्झ मिळेल.

ठोका_हवा: लावला. लाईट बंद करून, पट्टीवर ओंजळ धरून बघितलं तर ड्रमच्या ठोक्याला अगदी मंद लालसर दिसतंय. बस एवढंच??

जुना_सोल्डर: फिल्टर बरोबर चाललाय, आता ताकद कमी पडतेय. जॅकमधून फार तर एक व्होल्ट येतो, त्यातला ०.६ बेस-एमिटरच खातो आणि उरलेल्यातून १०के मधून जेमतेम ४० मायक्रोअँप जातात. मध्ये एलएम३५८ (सिग्नल वाढवणारी ऑप-अँप चिप) टाकून दहापट वाढवा, इनपुटला दोन १००के लावून अर्धा सप्लाय द्या. काढलेला १० मायक्रोफॅरॅड आउटपुटला लावा, पुढे १के आणि मग बेस. बेस ते ग्राउंड एक १एन४१४८ डायोड उलटा, तो विसरलात तर कपॅसिटर चार्ज होऊन बसेल आणि पट्टी परत गप्प.

कोडकरी: एवढ्यात माझा कोड लिहून झाला असता.

ठोका_हवा: चाललं!!! एलएम३५८ चा गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) वाढवताना ग्राउंडकडच्या रेझिस्टरसोबत सिरीजमध्ये कपॅसिटर टाकायचा राहिला होता, तो टाकल्यावर ठोका आणि पट्टी एकदम. फक्त जाड आवाजाचा गायक असला की अजून थोडी पेटते.

जुना_सोल्डर: एका आरसीने तेवढंच कापलं जातं. तसाच अजून एक मागे जोडा, पण दुसऱ्याला १००के आणि ०.०१ घ्या, म्हणजे पहिल्यावर लोड येणार नाही.