‘सामाईक’ म्हणजे नेमकं कुणाचं?

एरंडवणेकर: अर्थशास्त्राची टिपणं मराठीत करतेय. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिनचा १९६८चा ‘ट्रॅजेडी ऑफ द कॉमन्स’ हा निबंध: सगळ्यांना खुल्या कुरणात जो तो एकेक जनावर वाढवतो, दूध त्याचं, झीज सगळ्यांची. उपाय दोन: सरकारी नियंत्रण, नाहीतर खासगी मालकी. या ‘कॉमन्स’ला ‘सामाईक कुरण’ म्हणू ना? आणि शीर्षकाला ‘भागीचं घोडं किवणानं मेलं’?

सदाशिवपेठी: म्हण फर्मास, जागा चुकली. किवण म्हणजे जनावराची किडलेली जखम. औषधपाणी कुणी करायचं, यात घोडं गेलं, राबवून नाही. कुरण हावेनं जातं. घोडं एकाच्या नावावर केलं तर वाचेल, हे मान्य.

सासवडकर: ‘सामाईक’ नकोच. सामाईक विहीर म्हणजे चार भावांची. सातबाऱ्यावर इतर हक्कांत हिस्सा लिहिलेला, पाळी ठरलेली. दुसऱ्याच्या पाळीत मोटर चालू करून बघा! हार्डिनच्या कुरणात ना हिस्सा, ना पाळी. ते ‘मोकळं रान’. एलिनॉर ऑस्ट्रॉमबाईंना २००९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी हाच फरक दाखवला.

एरंडवणेकर: गायरान?

सासवडकर: जमीन सरकारची, चराई गावाची. तिसराच प्रकार.

बाणेरकर: ‘मालकी’ही तपासा. जमिनीखालच्या पाण्यावर जमीनमालकाचा हक्क १८८२च्या सुविधाधिकार कायद्यापासून धरला जातो. मालकी आहेच की! पण पाणी कंपाउंड मानत नाही. शेजारच्या सोसायटीनं खोल बोअर मारली, आमची आटली. आता टँकर. कुणाकडे तक्रार करणार, त्यांनी स्वतःच्याच जागेत मारली.

सासवडकर: म्हणून आमच्या पुरंदरातलं नायगाव बघा. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी एकरांवर नाही, डोक्यांवर: माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही वाटा. उसाला बंदी. आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही.

सदाशिवपेठी: वा! म्हणजे हक्क पक्का, पण विकाऊ नाही. त्याला ‘मालकी’ म्हटलं तर नायगावकर हसतील. ‘प्रॉपर्टी राइट्स’ दिसलं की डोळे मिटून ‘मालकी हक्क’ लिहिणं सोडा.

एरंडवणेकर: ‘मोकळं रान’ घेतलं. हार्डिनच्या वाक्यात ‘खासगी मालकी’च ठेवते, तो तेच म्हणतोय. नायगावसाठी ‘वापराचा हक्क’. बोअरचं उदाहरण मालकीच्या परिच्छेदालाच जोडते.