रोलर कोस्टर आणि थीम पार्कचे चाहत्यांनी केलेले व्हिडिओ: कोणते पाहावेत आणि कसे पारखावेत?

अनवट

नमस्कार मंडळी. माझ्या १३ वर्षांच्या भाच्याला रोलर कोस्टरचे विलक्षण वेड आहे आणि आम्ही दोघे मिळून परदेशातल्या काही मोठ्या थीम पार्कांना भेट देण्याच्या विचारात आहोत. पार्कांच्या स्वतःच्या जाहिरातींतून राइड प्रत्यक्षात कशी आहे, याचा अंदाज येत नाही. त्यामुळे चाहत्यांनी हौसेने केलेले व्हिडिओ पाहायला आम्ही सुरुवात केली. पण त्यांची संख्या इतकी अफाट आहे, की कशापासून सुरुवात करावी आणि कशावर विसंबावे हेच कळेनासे झाले आहे.

विशेषतः मला हे जाणून घ्यायचे आहे, की पहिल्या रांगेतून केलेल्या चित्रीकरणावरून राइड किती जोरकस आहे याचा खरा अंदाज येतो का. मी स्वतः मोठ्या कोस्टरमध्ये कधी बसलेले नाही, तेव्हा माझ्यासाठी काय झेपण्यासारखे आहे हेही मला व्हिडिओ पाहूनच ठरवावे लागणार आहे. त्याचबरोबर केवळ आरडाओरडा आणि क्रमवाऱ्या नसलेले, एकत्र बसून पाहता येतील असे चांगले चॅनेल कोणते, हेही कृपया सुचवावे.

चढउतार

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे बरेच त्यावर अवलंबून आहे. पहिल्या रांगेतल्या व्हिडिओवरून राइडचा मार्ग उत्तम कळतो, पण तिचा जोर फारसा कळत नाही. कॅमेरा गाडीसोबतच वाकतो, त्यामुळे समोरचा रूळ जवळजवळ नेहमी चौकटीच्या मध्यभागी राहतो आणि सरळ खाली कोसळणारा उतारही पडद्यावर साध्या घसरणीसारखा भासतो. उताराची खरी तीव्रता ओळखायची असेल, तर रुळाकडे न पाहता क्षितिजाकडे पाहावे. ते चौकटीच्या वरच्या कडेबाहेर निघून गेले, की उतार खरोखरच तीव्र आहे असे समजावे. वेगाच्या बाबतीत उलटा प्रकार होतो. रुंद कोनाच्या भिंगामुळे कडेची झाडे आणि खांब झपाट्याने मागे जातात आणि मध्यम वेगाची राइडही भन्नाट वाटू लागते. त्यातच हल्लीच्या कॅमेऱ्यांमध्ये चित्र स्थिर करण्याची आणि क्षितिज आडवे धरून ठेवण्याची सोय असते. तिच्यामुळे चित्र सुखद होते हे खरे, पण गाडीला बसणारे हादरे आणि तिचे कलंडणे त्यात पुसले जाते. लाकडी कोस्टरच्या बाबतीत तर तीच माहिती तुम्हाला सर्वांत जास्त हवी असते.

म्हणून माझा आग्रह असा, की कोणत्याही राइडचा बाहेरून, म्हणजे जमिनीवरून केलेला व्हिडिओ आधी पाहावा आणि आतून केलेला नंतर. बाहेरून पाहताना गाडीपेक्षा माणसांवर नजर ठेवावी. टेकाडाच्या माथ्यावर बसलेल्यांचे शरीर आसनावरून उचलले जाते का, मांडीवरच्या दांड्यानेच त्यांना धरून ठेवले आहे असे दिसते का, वळणावर माना एका बाजूला झुकतात का, हे सगळे स्पष्ट दिसते. शरीर अलगद तरंगणे आणि वर फेकले जाणे, या दोन्हींना चाहते एअरटाइमच म्हणतात. पण पहिल्याला ते फ्लोटर म्हणतात आणि दुसऱ्याला इजेक्टर. नवख्या माणसासाठी या दोन अनुभवांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. अमेरिकेतील सीडर पॉइंट या पार्कमधील स्टील व्हेन्जन्स ही २०१८ साली सुरू झालेली राइड याचे उत्तम उदाहरण आहे. मीन स्ट्रीक या १९९१ सालच्या लाकडी कोस्टरच्या सांगाड्यावर पोलादी रूळ बसवून ती उभारली आहे आणि तिची उंची सुमारे ६२ मीटर आहे. आतून केलेल्या चित्रीकरणात ती लाकडी खांबांच्या जंगलातून धावणारी वळणदार राइड वाटते, तर बाहेरून केलेल्या चित्रीकरणात माणसे आसनावरून पुन्हा पुन्हा उचलली जाताना दिसतात, आणि तिचा खरा स्वभाव तोच आहे.

आणखी एक गोष्ट म्हणजे रांग. व्हिडिओ बहुधा पहिल्या रांगेतून केलेला असतो, कारण तिथून दृश्य मोकळे मिळते. पण पहिल्या मोठ्या उतारावर पुढचे डबे माथा ओलांडून काही क्षण रेंगाळतात, तर मागचे डबे पुढच्यांच्या ओढीने माथ्यावरून खेचले जातात. तीच राइड मागच्या रांगेत बरीच उग्र होऊ शकते. चित्रीकरण कोणत्या रांगेतून केले, हे सांगणारा चाहता माझ्या दृष्टीने विश्वासार्ह ठरतो.

मागची_रांग

चढउतार यांनी पारख कशी करावी ते सांगितले आहे, तेव्हा मी नावांकडे वळते.

निव्वळ राइडचे चित्रीकरण हवे असेल, तर कोस्टरफोर्स आणि थीम पार्क रिव्ह्यू या जुन्या चाहतामंडळींचे संग्रह पाहावेत. त्यांच्या पुष्कळशा चित्रीकरणांत राइडचा मूळ आवाज कायम ठेवलेला आहे आणि मला हा गुण फार मोलाचा वाटतो. साखळीचा खडखडाट, पोकळ रुळांतून घुमणारी गाडीची गर्जना, ब्रेकपाशी येणारी शांतता, यांवरून राइडचे व्यक्तिमत्त्व जितके कळते, तितके वर चढवलेल्या संगीतावरून कधीच कळत नाही. संपूर्ण दिवस कसा जातो, कोणती राइड आधी गाठावी, पावसात काय बंद पडते, हे पाहायचे असेल तर थीम पार्क वर्ल्डवाइड या ब्रिटिश चॅनेलवरची प्रवासचित्रणे उपयोगी पडतील. त्यांची लांबी जास्त असते, परंतु नियोजनासाठी नेमके ते रेंगाळणेच हवे असते.

भाच्यासाठी मात्र मी एल टोरो रायन या चॅनेलची शिफारस आवर्जून करेन. तांत्रिक अडचणींमुळे गाजलेल्या किंवा बंद पडलेल्या कोस्टरांवर त्याची एक मालिका आहे. राइड का बिघडते, उत्पादक बदलल्यावर काय बदलते आणि महत्त्वाकांक्षी आराखडा प्रत्यक्षात का झेपत नाही, याची समजूत १३ वर्षांच्या मुलाला तिच्यातून सहज येईल. आर्ट ऑफ इंजिनिअरिंग हे दुसरे चॅनेल कोस्टरच्या चाकांपासून प्रक्षेपणाच्या यंत्रणेपर्यंतच्या गोष्टी आकृत्यांसह समजावून सांगते. इतिहासात रस असेल, तर डिफंक्टलँड पाहावे. बंद झालेल्या राइड आणि पार्क हा त्याचा मुख्य विषय आहे. डिस्नीच्या पार्कांमध्ये १९९९ साली आलेल्या फास्टपास या रांग टाळण्याच्या पद्धतीवर त्यांनी २०२१ मध्ये केलेला दीर्घ व्हिडिओ पावणेदोन तासांच्या आसपास जातो. रांगेचे गणित काय असते आणि एकाची सोय केली की दुसऱ्याची प्रतीक्षा कशी वाढते, हे त्यात संगणकावर उभ्या केलेल्या काल्पनिक पार्कच्या आधारे दाखवले आहे. मोठ्यांनीही पाहावा असा तो अभ्यास आहे.

क्रमवाऱ्यांचे व्हिडिओ तुम्ही टाळू इच्छिता, हे योग्यच आहे. तरी एक उपयोग सांगते. एखाद्याची आवड आपल्याशी जुळते असे लक्षात आले, की त्याची क्रमवारी मार्गदर्शक ठरते. म्हणून अनेकांचे थोडे थोडे पाहण्यापेक्षा दोघा-तिघांचे सातत्याने पाहावे.

सावली

येथवर सगळी चर्चा उघड्यावरच्या कोस्टरांची झाली, म्हणून अंधाऱ्या राइडविषयी, म्हणजे बंदिस्त जागेत प्रवाशांना दृश्यांमधून फिरवत कथा सांगणाऱ्या राइडविषयी थोडे लिहितो. त्यांच्या व्हिडिओंविषयी माझे मत जरा वेगळे आहे. कोस्टरचा व्हिडिओ आधी पाहिल्याने काही बिघडत नाही, कारण शरीराला होणारा अनुभव पडद्यावर येऊच शकत नाही. अंधाऱ्या राइडचे तसे नाही. तिथे कथा, दृश्ये आणि अनपेक्षित वळणे हेच सर्वस्व असते आणि ते आधी पाहून टाकले, की पहिल्या भेटीतले नवल कायमचे जाते. त्यामुळे प्रत्यक्ष जाणार असाल, तर अशा राइडचे व्हिडिओ परत आल्यावर पाहावेत, असे मी मनापासून सुचवतो.

जिथे जाणे शक्यच नाही, तिथली गोष्ट निराळी. नेदरलँड्समधील एफ्टेलिंग या पार्कमधली १९८६ सालची फाता मोर्गाना ही नौकेतली राइड जगभरच्या कितीतरी लोकांनी केवळ चाहत्यांच्या चित्रीकरणातूनच अनुभवली असेल. इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कॅमेरा अंधाराला उजळ करतो, त्यामुळे प्रत्यक्षात डोळ्यांना न दिसणारे छत आणि यंत्रणा व्हिडिओत दिसतात आणि राइड उगाच साधी वाटते. शिवाय काही राइडना एकच मार्ग नसतो. त्याच पार्कमधली २०१७ सालची सिम्बोलिका ही रुळांशिवाय चालणारी राइड प्रवाशांना तीन वेगवेगळ्या मार्गांनी नेते, तेव्हा एका व्हिडिओत तिचे संपूर्ण दर्शन घडत नाही. तिन्ही मार्ग शेजारी शेजारी दाखवणारे चाहते आहेत आणि त्यांच्या चिकाटीचे मला खरोखर कौतुक वाटते.

अनवट

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. क्षितिजाकडे पाहण्याची सूचना लगेच वापरून पाहिली आणि एकाच राइडचे दोन व्हिडिओ अगदी वेगळे दिसू लागले.

आणखी दोन शंका आहेत. काही व्हिडिओंमधले कोस्टर इतके अचाट असतात, की ते खरे आहेत की संगणकावर तयार केलेले, हे मला ओळखता येत नाही. दुसरे असे, की भाच्याला आता स्वतःही असे व्हिडिओ करायचे आहेत आणि छातीला कॅमेरा बांधून राइडमध्ये बसायचा त्याचा बेत आहे. त्याला परवानगी मिळते का?

चढउतार

नोलिमिट्स किंवा प्लॅनेट कोस्टर यांसारख्या प्रणालींमध्ये तयार केलेले व्हिडिओ पुष्कळदा खऱ्या नावांनी आणि खऱ्या छायाचित्रांच्या आडून प्रसिद्ध केले जातात. गाडीत दुसरे प्रवासी नसणे किंवा ते पुतळ्यासारखे स्थिर असणे, रुळांवर वंगणाचे डाग आणि चाकांचे पट्टे नसणे आणि आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा असणे, या खुणा सहसा पुरतात. शंका राहिलीच, तर रोलर कोस्टर डेटाबेस या १९९६ पासून चालू असलेल्या संकेतस्थळावर राइडचे नाव शोधावे. तिथे उत्पादक, उंची, वेग आणि सुरू किंवा बंद झाल्याच्या तारखा मिळतात. मात्र संगणकावर केलेले सगळेच व्हिडिओ फसवे नसतात, हेही नोंदवतो. नष्ट झालेल्या राइड तपशिलाने पुन्हा उभ्या करणारे चाहते आहेत आणि ते आपले काम काय आहे, हे स्पष्टपणे सांगतात.

तारखांचा मुद्दा तुमच्या नियोजनासाठीही महत्त्वाचा आहे. व्हिडिओ कधी टाकला यापेक्षा तो कधी चित्रित केला, हे पाहावे. अमेरिकेतील किंगडा का ही २००५ साली सुरू झालेली १३९ मीटर उंचीची राइड २०२५ च्या फेब्रुवारीत पाडण्यात आली. तिचे व्हिडिओ मात्र आजही नव्यासारखे फिरत आहेत. जपानमधील फुजी-क्यू हायलँड येथील दो-दोदोन्पा ही राइड प्रवाशांच्या हाडांना झालेल्या दुखापतींनंतर २०२१ मध्ये थांबवली आणि पुढे कायमची बंद केली. इंग्लंडमधील आल्टन टॉवर्स या पार्कमधली १९९४ ची नेमेसिस याउलट रूळ बदलून २०२४ मध्ये नेमेसिस रीबॉर्न या नावाने परत आली, तेव्हा तिच्या जुन्या चित्रीकरणावरून आजच्या राइडविषयी मत बनवू नये. ही जुनी चित्रीकरणे जपून ठेवावीत असे मात्र मला फार वाटते, कारण राइड पाडली गेल्यावर तिचा आवाज आणि तिची चाल कोणाकडे उरत असेल, तर ती बहुतेकदा एखाद्या चाहत्याच्या संग्रहातच उरते.

मागची_रांग

परवानगीबाबत लिहिते. अनेक मोठ्या पार्कांमध्ये प्रवाशांना राइडवर कॅमेरा किंवा फोन वापरायला स्पष्ट मनाई आहे आणि तिचे कारण अगदी रास्त आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीतून निसटलेला फोन मागच्या माणसाच्या चेहऱ्यावर आदळला, तर गंभीर इजा होऊ शकते. स्टील व्हेन्जन्सच्या तर प्रतीक्षेच्या रांगेतही फोन नेण्यास २०१८ मध्ये बंदी घालण्यात आली होती. ज्या चित्रीकरणांचे आपण कौतुक करतो, त्यांपैकी बरीचशी पार्कच्या परवानगीने, कॅमेरा गाडीला पक्का बसवून, अनेकदा पार्क उघडण्यापूर्वी केलेली असतात. लपूनछपून केलेले व्हिडिओ पाहून त्यांना प्रोत्साहन देऊ नये, असे मी भाच्यालाही सांगेन. त्यांच्यामुळे नियम आणखी कडक होतात आणि रीतसर परवानगी मागणाऱ्यांची वाट अधिक अवघड होते.

त्याने जमिनीवरून सुरुवात करावी. पार्कचा नकाशा घेऊन प्रत्येक राइड कुठून चांगली दिसते ते शोधावे, सूर्य पाठीशी असेल अशी वेळ निवडावी, गाडीचा पाठलाग करत कॅमेरा फिरवण्याऐवजी एक चौकट धरून गाडी तिच्यात येऊ आणि जाऊ द्यावी, आणि आवाज मूळचाच ठेवावा. राइडमधून उतरल्यावर लगेच, आठवण ताजी असताना, कोणत्या रांगेत बसलो, कुठे शरीर उचलले गेले, कुठे हादरे बसले, हे कॅमेऱ्यासमोर शांतपणे सांगावे. पहिल्या रांगेतले चित्रीकरण जवळपास प्रत्येक प्रसिद्ध राइडचे आधीच उपलब्ध आहे. पण तेरा वर्षांच्या, बारकाईने निरीक्षण करणाऱ्या मुलाने केलेले असे वर्णन फारसे कुठे सापडत नाही. शूटिंगची परवानगी कुठे आहे आणि कुठे नाही, हे प्रत्येक पार्कच्या नियमावलीत आधी वाचावे आणि राइडच्या दाराशी असलेल्या कर्मचाऱ्यालाही विचारावे, कारण एकाच पार्कमध्ये राइडनुसार नियम बदलतात.

आणि तुमच्यासाठी, अनवट: पहिल्याच दिवशी सर्वांत मोठ्या राइडमध्ये बसण्याची मुळीच गरज नाही. बाहेरून केलेल्या चित्रीकरणात ज्या राइडमधली माणसे उतारांवर अलगद तरंगताना दिसतात आणि वळणांवर ज्यांच्या माना सरळ राहतात, अशी एखादी मध्यम उंचीची राइड दोघांनी मिळून निवडा आणि मधल्या रांगेत, पण चाकांच्या अगदी वर येणारे आसन टाळून बसा.