मदत हवी आहे: पहाटे ५ च्या मॅरेथॉनआधी कॉफी कधी?

मुंबई मॅरेथॉन, पूर्ण ४२ किमी. वजन ६२ किलो. किलोमागे ३ मिग्रॅ धरलं तर साधारण १८५ मिग्रॅ कॅफीन, म्हणजे इन्स्टंट कॉफीचे अंदाजे तीन सपाट चमचे. कोरीच घेतो, दुधाने जळजळ होते.

लाँग रनला (सरावाच्या लांब धावेला) कॉफीच्या दोन वेगवेगळ्या वेळा करून पाहिल्या. ४५ मिनिटं आधी घेतली की पाचव्या किमीच्या आत संडासला पळावं लागतं. ९० मिनिटं आधी घेतली तर पोट शांत, पण तिसाव्या किमीनंतर पाय जड. खाणं दोन्ही वेळा तेच: दोन केळी, ब्रेड-जॅम. रोजची दोन कप कॉफी सोडून पाहिली, डोकं दुखतं. बीपी नाही, दूध सोडलं तर अ‍ॅसिडिटीही नाही.

आता पहाटे साडेतीनला निम्मी कॉफी आणि उरलेलं कॅफीन धावताना एनर्जी जेलमधून (पाकिटातली घट्ट गोड पेस्ट, कॅफीनवाली) घ्यायचा विचार आहे. असं केलेल्यांनी सांगा, जेल कितव्या किमीला घेतलं आणि सोबत पाणी किती?