'बाप्तिस्म्याने' की 'बाप्तिस्म्यात'? आणि कृपा की अनुग्रह?

रंकाळाकाठ: मंडळी, एक अडचण आलीय. आमच्या बायबल वर्गासाठी एका इंग्रजी पुस्तिकेचं मराठी करतोय. वाक्याचा भाव असा की येशूने क्रूसावर जे मिळवलं ते बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला फुकट, कृपेने मिळतं. मी लिहिलं 'बाप्तिस्म्याने कृपा मिळते'. वर्गातल्या एका मावशींनी लगेच खोडलं, म्हणाल्या 'ने' लावलास की पाण्यालाच तारणारा केलंस बघ, 'बाप्तिस्म्यात' लिही. दुसरे एक काका म्हणतात कृपा काढ, 'अनुग्रह' घाल, भारदस्त वाटतं. काय ठेवू?

पेठेतला: अनुग्रह अजिबात घालू नका ओ. आमच्या आजोबांनी महाराजांचा अनुग्रह घेतला म्हणजे गुरूकडून नाम घेतलं. कोल्हापुरात कुणालाबी विचारा, तेच सांगंल. म्हणजे हा शब्द तुमच्या बाप्तिस्म्याच्या जागेवर जाऊन बसतोय. अनुग्रह घ्यायला आपण जातो, कृपा न मागता होते. अंबाबाईची कृपा म्हणतो, अनुग्रह म्हणतो का कधी?

गडहिंग्लजचा: मावशी बरोबर आहेत. इफिसकरांस 2:8 बघा, 'कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे'. 'ने' कृपेला लागलाय, 'द्वारे' विश्वासाला, बाप्तिस्म्याचं तिथं नावच नाही. आणि येशूच्या शेजारी क्रूसावर टांगलेला तो चोर, त्याला कुणी बाप्तिस्मा दिला? तरी त्याला त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळालं.

वसईकर: पण मग 1 पेत्र 3:21 पण वाचा, तिथं बाप्तिस्मा तारतो असं सरळ म्हटलंय, आणि लगेच खुलासा की अंगाचा मळ धुणं नव्हे, येशूच्या पुनरुत्थानामुळे. आम्ही कॅथलिक 'स्नानसंस्कार' म्हणतो, आणि संस्कार कृपा देतो, नुसती दाखवत नाही. तान्ह्या बाळाने काय कमावलेलं असतं? काहीच नाही, म्हणूनच तर ती कृपा. आणि चोराचं म्हणाल तर इच्छेचा बाप्तिस्माही आम्ही मानतो, म्हणजे पाणी मिळालं नाही तरी मनातली ओढ धरली जाते.

शुद्धमराठी: मूळ मुद्दा बाजूला राहू द्या, आधी 'क्रूस' काढा. तो पोर्तुगीज शब्द. आपल्या बायबलात 'वधस्तंभ' आहे, आणि ग्रीक शब्दाचा मूळ अर्थही उभा खांब असाच.

वसईकर: गळ्यात वधस्तंभ घातला असं कोण म्हणतं हो? वध म्हणजे मारणं, तिथंच संपलं. क्रूसावर मारलं गेलं हे खरं पण तिथंच तारण झालं, हे 'वधस्तंभ' म्हणताना ऐकूच येत नाही. पोर्तुगीज म्हणून काढायचा तर मग पाव, बटाटा, चावी पण काढा.

शुद्धमराठी: पाव खायचा असतो, उपासनेत म्हणायचा नसतो. भाषेची उंची कुठेतरी राखायला हवी की नको. आणि तो भयाण अर्थ लपवायचा कशाला, मृत्युदंडच होता तो.

पेठेतला: 'तारण' म्हटलं की मला आधी पतसंस्थेच्या दारावरचं 'सोनेतारण' दिसतं. दागिना ठेवा, पैसे न्या. कृपेच्या गोष्टीत हा शब्द कसा काय चालवता?

गडहिंग्लजचा: मला तर तो फार जवळचा वाटतो. सोनेतारणात आपण आपलं काहीतरी ठेवतो तेव्हा मिळतं, इथं ठेवायला आपल्याकडे काहीच नाही, ठेवलं ते दुसऱ्याने. आणि माझं मत विचाराल तर तारण 'तरणे'वरून, म्हणजे पाण्याशीच नातं.

वसईकर: पण बाप्तिस्म्याचं मूळ ग्रीक क्रियापद 'बुडवणे' आहे! रोमकरांस 6 मध्ये पौल म्हणतो की बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताच्या मरणात पुरले गेलो. आधी बुडायचं, मग उठायचं. क्रूसाचा आणि पाण्याचा सांधा तिथं आहे, तरण्यात नाही.

मिशनकंपाउंड: रंकाळाकाठ, तुमच्या वाक्यातला खरा घोळ 'वेळी' या शब्दात आहे असं मला वाटतं. कोल्हापुरात 1852 ला मिशनरी वाइल्डर आले, पुढे इथलं काम प्रेस्बिटेरियन मिशनचं झालं, आणि त्या परंपरेत बाप्तिस्मा म्हणजे कृपेच्या कराराचं चिन्ह आणि शिक्का. वेस्टमिन्स्टरच्या विश्वासकबुलीत, म्हणजे प्रेस्बिटेरियन मंडळी मानतात त्या शिकवणीच्या लेखात, तर स्पष्ट आहे की बाप्तिस्म्याचा परिणाम तो दिल्या क्षणालाच बांधलेला नाही, आणि त्याच्याशिवाय तारण होतच नाही असंही नाही. पाणी आज पडलं, कृपा देवाच्या वेळेने. त्यामुळे पुस्तिका कुठल्या पंथाची आहे ते आधी बघा, तिच्या शिकवणीवर तुमची शिकवण चढवू नका.

रंकाळाकाठ: पुस्तिका लूथरन, म्हणजे मार्टिन लूथरच्या पंथाची आहे. मग?

वसईकर: मग 'ने' चालेल की. लूथरचं म्हणणंच होतं की नुसतं पाणी काही करत नाही, पाण्यासोबतचं देवाचं वचन करतं, पण देतं मात्र खरंच.

गडहिंग्लजचा: तरी मी 'ने' लावणार नाही. वाचणारे कोल्हापूरचे आहेत, लूथरचे नव्हेत.

शुद्धमराठी: आणि क्रूसाचं काय ठरलं?

पेठेतला: एक विचारायचंय. बाळाचा बाप्तिस्मा 'झाला' म्हणता आणि मोठा माणूस बाप्तिस्मा 'घेतो'. हे असं का? घेतला म्हटलं की परत आमच्या अनुग्रहासारखंच झालं की.