लाईट आल्यावर पायथन स्क्रिप्ट आपोआप कशी सुरू करायची? (रास्पबेरी पाय ४)

बागायतदार_निफाड
नमस्कार मंडळी. द्राक्षबागेत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवलाय. तापमान आणि आर्द्रता दर दहा मिनिटांनी फाईलमध्ये लिहिणारी पायथन स्क्रिप्ट त्यावर चालते. डावणी रोगाच्या फवारणीचा निर्णय मी या आकड्यांवर घेतो, त्यामुळे रात्रीच्या नोंदी गेल्या तर सगळंच अडतं. लाईट गेली-आली की पाय उठतो, स्क्रिप्ट उठत नाही. क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी चालवायच्या कामांची यादी) ॲट-रीबूट, म्हणजे 'चालू होताच चालव', लावलंय, पण ते कधी चालतं, कधी नाही. हाताने चालवली की नीट चालते.

लिनक्सवाला_पुणे
भाऊ, क्रॉन काढून टाका. ॲट-रीबूट स्क्रिप्ट एकदा सुरू करून देतं. ती नंतर पडली तर कोणी बघत नाही. हे काम सिस्टीमडीचं, म्हणजे लिनक्समध्ये प्रोग्रॅम सुरू करून त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचं.

ईटीसीखालच्या सिस्टीमडी/सिस्टीम फोल्डरमध्ये 'हवामान डॉट सर्व्हिस' अशी फाईल करा. एक्झेकस्टार्टमध्ये पायथनचा आणि स्क्रिप्टचा पूर्ण पाथ द्या. लायब्ररी व्हीईएनव्हीत (पायथनच्या वेगळ्या फोल्डरात) असेल तर त्याच व्हीईएनव्हीतलं पायथन. तुमच्या टर्मिनलमधलं काहीही सर्व्हिसला आयतं मिळत नाही, म्हणून वर्किंगडिरेक्टरीही लिहा. यूझर लिहिला नाही तर स्क्रिप्ट रूट (सगळे अधिकार असलेला यूझर) म्हणून चालते, तेव्हा तिथे तुमचं लॉगिन नाव टाका. रीस्टार्ट 'ऑल्वेज', म्हणजे पडली की परत उठेल. शेवटी इन्स्टॉल विभागात वाँटेडबाय 'मल्टी-यूझर डॉट टार्गेट'. ही ओळ राहिली की एनेबल करूनही काही होत नाही.

मग सिस्टीमसीटीएल डेमन-रीलोड, आणि एनेबल डॅश-डॅश नाऊ. काही बिनसलं तर जर्नलसीटीएल डॅश यू आणि सर्व्हिसचं नाव टाकून लॉग बघा. प्रिंट केलेलं तिथे लगेच दिसत नसेल तर पायथनला डॅश यू द्या, नाहीतर आउटपुट बफरमध्ये अडकून राहतं.

कोड_आणि_कॉफी
रीस्टार्टसेक १० पण टाका, म्हणजे १० सेकंद थांबून परत उठेल. न टाकल्यास १०० मिलिसेकंदांत परत प्रयत्न होतो, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू होऊन पडली की सिस्टीमडी नाद सोडून देतं. सेन्सर जागा व्हायला वेळ घेत असेल तर नेमकं हेच होतं.

बागायतदार_निफाड
चालू झालं! प्लग काढून लावला, स्क्रिप्ट आपोआप उठली. फार मोठं काम झालं. पण सुरुवातीच्या दोन नोंदींवर जुनीच वेळ पडलीये.

लिनक्सवाला_पुणे
पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत तो शेवटच्या जतन केलेल्या वेळेपासून पुढे मोजतो, आणि तुमचा राउटरही त्याच लाईटवर उठतोय. सिस्टीमडी-टाईम-वेट-सिंक एनेबल करून आफ्टरमध्ये 'टाईम-सिंक डॉट टार्गेट' लिहिता येतं, पण मळ्यात रेंज नसेल तर स्क्रिप्ट वाट बघत बसेल आणि नोंदी जातील. तुमच्यासाठी डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल घ्या. पायवरच्या आयटूसीच्या (सेन्सर वगैरे जोडायच्या) पिनांवर बसतं, छोट्या सेलवर वेळ धरून ठेवतं. कॉन्फिग टीएक्सटीत त्याची डीटीओव्हरले ओळ टाकायची. बसवलं की कळवा, ती ओळ इथे लिहून देतो.